वहिनी घरातलीच

कारभारी हे नाव त्याला आजोबांचं मिळालं होतं. आजोबांनी गावात काय कारभार केला ते देव जाणे, पण नातवानं जन्मभर एकच कारभार केला, तो म्हणजे "बघू" म्हणण्याचा. विहिरीवर नवी मोटर बसवायची का? बघू. धाकट्या भावासाठी पोरगी बघायची का? बघू. वाळूजला एखादी खोली करू या, असं बायकोनं त्याला कितीदा तरी म्हटलं आणि दर वेळी त्यानं तिच्या हातावर तोच शब्द ठेवला. असा माणूस वाईट नसतो. शिव्या देत नाही, हात उचलत नाही, दारूच्या वाटेला जात नाही. फक्त बोलायच्या वेळी तो बोलत नाही, आणि मग त्याच्या वाटचं बोलणं घरातलं दुसरं कुणीतरी बोलून टाकतं.

कारभारीच्या घरात ते सारजाबाई बोलायची, त्याची आई. नवरा तरणाताठा गेला, तेव्हा पदरात दोन पोरं आणि गंगापूर रोडच्या अलीकडे थोडं कपाशीचं रान होतं. बाईनं दोन्ही उभं केलं. थोरला कारभारी वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला. सकाळी गावच्या फाट्यावर कंपनीची बस यायची, त्यात बसून तो जायचा. धाकटा पुंजाराम शेती बघायचा. सारजाबाई दोघांनाही बघायची. तिचं मन मोठं होतं, आल्यागेल्याला भाकरी खाऊ घातल्याशिवाय ती सोडत नसे. पण हात सैल होता. लेकरू हललं की पाठीत धपका, ताटाबाहेर सांडलं की मांडीला चिमटा. कारभारी आणि पुंजाराम त्याच धपक्यांवर वाढले होते, त्यामुळे त्याला मारणं म्हणतात हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

या घरात पाचोडची द्वारका सून होऊन आली. पुंजाराम तिला वहिनी म्हणायचा. पुंजारामाचे दोस्त वहिनी म्हणायचे, शेजारची पोरंसोरंही वहिनीच म्हणायची. सारजाबाईला मात्र अख्खी गल्ली आई म्हणायची. मग शिवकन्या झाली. ती बोलायला लागली तेव्हा जे कानावर पडलं तेच बोलली. आजी झाली आई, बाप झाला दादा, आणि जिनं जन्म दिला ती झाली वहिनी. आपल्याकडे हे काही नवं नाही. चुलत्याला बाप आणि बापाला भाऊ म्हणत म्हातारी झालेली माणसं गावोगाव सापडतील, आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही.

द्वारकाला मात्र ते लागायचं. एकदा तिनं पोरीला मांडीवर घेऊन शिकवून पाहिलं. "आई म्हन. आ-ई." सारजाबाई चुलीपुढून म्हणाली, "घरात एक आई हाय की. दुसरी कामून पाहिजे?" सगळे हसले. कारभारीही हसला. द्वारकानं पुन्हा तो धडा काढला नाही, आणि शिवकन्या तिला वहिनीच म्हणत राहिली. रात्री झोपताना वहिनीच्याच कुशीत, वेणी वहिनीच्याच हातची, पडलं-झडलं की हाक वहिनीलाच. नाव काही का असेना, लेकराला आपली माणसं बरोबर ठाऊक असतात.

सासू-सुनेचं पटेना. दोघींचंही थोडं खरं, थोडं खोटं. पोरीला शहरातल्या शाळेत घालायचं, वाळूजला खोली करायची, हे द्वारकाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि लेक-नात डोळ्यांआड जाणार ही सारजाबाईला भीती होती. शेवटच्या भांडणात सारजाबाई बोलून गेली, "तू भायेरची हायेस, भायेरच्यावानी ऱ्हाय." कारभारी तेव्हा उंबऱ्यावर बसून ड्युटीचे बूट बांधत होता. द्वारका त्याच्याकडे वळली.

"तुम्ही सांगा. म्या ह्या घरातली हाय का नाय?"

कारभारीनं बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मग बस चुकेल म्हणून तो उठला आणि फाट्याकडे चालता झाला. संध्याकाळी परतला तेव्हा द्वारका पाचोडला गेलेली होती आणि शिवकन्या दारात हुंदके देत बसली होती. सारजाबाईनं पोरीला जाऊ दिलं नव्हतं. जायचं तर एकटी जा, असं तिनं सुनेला सांगितलं होतं. कारभारीला वाटलं, दोन-चार दिवसांत येईल. बघू.

ती आली नाही, नोटीस आली. द्वारकाला फारकत हवी होती आणि पोरीचा ताबा हवा होता.

कोर्टाच्या पायऱ्या कारभारीनं त्याआधी कधी चढल्या नव्हत्या. त्याच्या वकिलानं त्याला बजावून सांगितलं होतं, विचारलं तेवढंच बोला, जास्तीचं काही बोलू नका. कारभारीला असा सल्ला देणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं होतं. पोरगी पाच वर्षांची झालेली, लहान लेकरू, बहुतेक आईकडंच जाईल, तरी प्रयत्न करू, असंही वकील म्हणाला होता. ते ऐकून सारजाबाईनं दोन दिवस तोंडात घास घातला नाही.

न्यायाधीशांनी ठरवण्याआधी पोरीशी समुपदेशक बाईंनी बोलायचं होतं. त्या बाई पुण्याकडच्या, वयानं पोक्त, आवाज मऊ. लेकराशी बोलायचं तर आईबाप बाहेर, ही त्यांची पद्धत. शिवकन्या त्यांच्या खोलीत गेली, बराच वेळ आत होती, आणि हातात कागदाचं फूल घेऊन बाहेर आली. मग बाईंनी कारभारीला एकट्याला आत बोलावलं.

"बसा. मुलगी गोड आहे तुमची, मोकळेपणानं बोलली. दादांनी बसमधून आणलं म्हणाली." बाई हसल्या. वडलांना दादा म्हणणारी घरं त्यांच्याकडेही होती, ते त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. "एक गोष्ट मात्र विचारायला हवी. ती म्हणते, आई मारते. पाठीत मारते, चिमटे काढते. खरं आहे का हे?"

 पुढं काय येणार हे कारभारीला अजून कळलेलं नव्हतं. आपल्या आईची गोष्ट कोर्टात निघाली म्हणून त्याला शरम वाटली, एवढंच.

"मारते का?"

"मारती कवा कवा," तो खाली बघून म्हणाला.

"आणि तिला वहिनीजवळ राहायचंय. तीन-तीनदा म्हणाली. वहिनी वेणी घालते, वहिनीजवळ झोप येते, मला वहिनीकडेच ठेवा. ही वहिनी कोण? तुमच्या घरातलीच का?"

आता त्याला कळलं. बाईंना काय वाटलं होतं ते सगळं एका क्षणात त्याच्यापुढं उघडं झालं. आई म्हणजे द्वारका, आणि वहिनी म्हणजे घरातली दुसरी कुणी, भावाची बायको असेल, पोरीला जीव लावणारी. पुंजारामाचं तर अजून लग्नही ठरलं नव्हतं. एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं. म्याडम, वहिनी म्हंजी तिची मायच. ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. मग उपाशी बसलेली सारजाबाई आठवली. पोरीशिवायचं घर दिसलं. खरं सांगायचं तर आईपेक्षाही त्याला स्वतःचीच दया आली. संध्याकाळी फाट्यावर उतरल्यावर पळत येऊन पायाला मिठी मारणारं दुसरं त्याला कोण होतं?

"व्हय," तो म्हणाला. "घरातलीच हाय."

बाईंनी मान हलवली. त्यांच्यावर काही बोट ठेवता येणार नाही. त्यांनी नीट विचारलं होतं. आणि कारभारी खोटं बोलला असंही कुणाला म्हणता येणार नाही. नेमकं तेच पुढं त्याला झोपू देईना. खोटं बोललेला माणूस निदान स्वतःला खोटारडा तरी म्हणून घेतो.

केस चालू राहील, तोवर पोरगी बापाकडे राहील, असा हुकूम झाला. आईनं महिन्यातून दोन शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत येऊन तिला भेटायचं. गावात सारजाबाईनं पेढे वाटले. पुंजारामानं दादाला विचारलं, "एवढं सोपं कसं काय झालं?" कारभारी म्हणाला, "बघितलं साहेबांनी समदं." आणि पेढा तोंडात न घालता त्यानं तो शिवकन्येच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "दादा, वहिनी कवा यायची?"

ती मुलांची खोली म्हणजे एक घसरगुंडी, एक कान तुटलेला हत्ती आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. शनिवारी द्वारका पाचोडहून पहिल्या बसनं यायची. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, पिशवीत फणी आणि रिबिनी. पोरगी पळत जाऊन तिच्या मांडीवर बसायची, आणि आजीनं घट्ट ओढून घातलेली वेणी सोडून द्वारका ती परत हलक्या हातानं घालायची. कारभारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायचा. निघायच्या वेळी पोरगी रडायची, द्वारका रडायची नाही. ती पोरीची बोटं एकेक करून आपल्या पदरावरून सोडवायची.

पहिले काही शनिवार द्वारका त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. एकदा पोरगी घसरगुंडीवर असताना ती त्याच्याकडे न बघताच बोलायला लागली.

"वकिलीनबाई सांगत होत्या. लेकरानंच सांगितलं म्हने, माय मारती म्हून. कागदावर मपलंच नाव हाय."

कारभारी घसरगुंडीकडे बघायला लागला.

"म्या लई इचार केला," द्वारका म्हणाली. "म्या कवा मारलं हिला? मंग आठवलं. निघाले त्या दिवशी पदर सोडत नव्हती. आई भायेर वरडत होत्या, बस फाट्यावर आली होती. म्या हिच्या हातावर चापट मारली, सोड म्हून. जोरात बसली. एकदाच मारलं म्या, आन तेच तिनं धरून ठिवलं." तिनं डब्याचं झाकण लावलं. "लेकराचं काय चुकलं? लागलं आसंल तिला."

हे सांगायला हवं होतं, त्याच वेळी. पोरगी दहा पावलांवर होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तुझी चापट नव्हं ती, द्वारका, ते धपके मपल्या आईचे. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? कारभारी म्हणाला, "इसरून जा आता." जणू काही तोच तिला माफ करत होता. परतीच्या बसमध्ये शिवकन्या त्याच्या मांडीवर झोपली आणि त्याला आपल्याच आवाजाची किळस आली.

तेव्हापासून घरात कुणी वहिनी म्हटलं की त्याचे कान तापायचे. पुंजारामाची सोयरीक जुळत होती, घरात तोच विषय, आणि सारजाबाई हौसेनं शिवकन्येला सांगायची, "तुला आता नवी काकू यील." पोरगी विचारायची, "आन वहिनी?" कुणी उत्तर दिलं नाही की ती कारभारीकडे बघायची. सारजाबाईनं धपका मारला की पोरगी पूर्वीसारखी भोकाड पसरत नसे, नुसती गप्प होऊन भिंतीकडे बघायची. ती गप्प बसायला शिकत होती, आणि ते ती कुणाकडून शिकली हे कारभारीला चांगलं दिसत होतं. पण त्यानं मनाशी म्हटलं, पुढच्या तारखेला सांगू. बघू.

पुढच्या तारखा येत गेल्या आणि जात राहिल्या. शिवकन्या गावच्या शाळेत पहिलीत जाऊ लागली.

एका शनिवारी दुपारी तो तिला शाळेतून मोटरसायकलवर आणत होता. ती पुढं टाकीवर बसली होती, नेहमी वाऱ्याला तोंड देऊन बडबडणारी, आज गप्प.

"सर हसले आज," ती म्हणाली.

"कामून?"

"आईचं नाव सांगा म्हनले समद्यांला. म्या सांगितलं सारजाबाई. सर म्हनले, ती तुझी आजी. रजिस्टरात तुझ्या आईचं नाव द्वारका हाय." ती टाकीच्या झाकणावर बोट फिरवत राहिली. "द्वारका तर वहिनीचं नाव हाय."

"व्हय."

"मंग वहिनी मपली आई हाय?"

"व्हय, बाळा."

रस्त्यावर कापसाची गाडी पुढं होती, कारभारीनं वेग कमी केला. त्याला वाटलं, झालं, एवढंच होतं. पण लेकराचं डोकं चालूच होतं.

"दादा, त्या कागदाचं फूल देनाऱ्या म्याडम होत्या ना. त्यायला म्या सांगितलं होतं, आई मारती."

कारभारी कापसाच्या गाडीच्या मागोमाग जात राहिला.

"त्यायला कोंची आई वाटली?"

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. शिवकन्येनं मागं वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला उत्तर तिथंच मिळालं असावं, कारण तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"म्हून वहिनी घरी यीत नाय? म्या चुगली केली म्हून?"

माणसाला आपलं पाप सोसवतं. त्याची त्याला सवय होते, अंगातल्या जुन्या दुखण्यासारखी. पण तेच पाप साडेसहा वर्षांच्या पोरीनं आपल्या डोक्यावर घेतलेलं बघणं कारभारीला सोसवलं नाही. आधी द्वारकानं घेतलं, आता हिनं. त्याच्या त्या एका शब्दाचं ओझं घरातल्या बायका वाटून घेत होत्या आणि तो मोकळ्या हातानं हिंडत होता.

"तू खरं बोललीस," तो म्हणाला. "तुझं कायबी चुकलं नाय. चुकलं ते मपलं. म्या बोललो नाय."

"मंग आता बोल," शिवकन्या म्हणाली.

घरी जाऊन त्यानं आधी सारजाबाईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"म्हंजी कोरटात मपलं नाव निघालं? म्या मारती म्हून?"

"तुझं नाव निघालं नाय, आई. तुझं मारनं द्वारकावर गेलं."

सारजाबाईनं हातातली शेंग परत ढिगात टाकली. "तुला बी मारलंच की म्या," ती म्हणाली. "काय झालं तुला?"

कारभारीनं पहिल्यांदाच या प्रश्नाचा खरा विचार केला. "म्या गप्प बसायला शिकलो," तो म्हणाला. आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. त्या रात्री तिनं पोरीला जवळ झोपायला बोलावलं नाही. पोरगी आपणहून तिच्या अंथरुणात शिरली, कारण आजीवर तिचा राग नव्हता, कधीच नव्हता.

पुढच्या भेटीच्या शनिवारी, पोरगी हत्तीशी खेळत असताना, कारभारी कोपऱ्यातली खुर्ची उचलून द्वारकासमोर घेऊन गेला. जे झालं ते त्यानं पहिल्यापासून सांगितलं. आई म्हणजे कोण, वहिनी म्हणजे कोण, बाईंनी काय विचारलं, तो काय म्हणाला. मध्ये कुठं थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्याला माहीत होतं.

द्वारकाच्या हातातली फणी तशीच राहिली.

"मंग ती चापट..."

"तिला ती ध्यानात बी नाय."

द्वारकानं डोळे मिटले. वर्षभर ती त्या चापटीला कवटाळून बसली होती. ती ओरडेल, शिव्या देईल, फणी फेकून मारेल, असं कारभारीला वाटत होतं, आणि त्याला ते हवंही होतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "परत सांगा. म्याडमनी इचारल्यावर तुम्ही काय म्हनलात?"

"घरातलीच हाय म्हनलो."

"घरातलीच." द्वारकानं तो शब्द तोंडात घोळवला. "सात वर्सं नांदले म्या. त्या दिवशी उंबऱ्यावर तुम्हाला इचारलं, घरातली हाय का नाय. तवा नाडी बांधत बसलात. आन म्हनलात कवा? लेकरू काढून घ्यायचं होतं तवा."

कारभारी समोरच्या खुर्चीवरून उठला नाही, त्यानं नजरही वळवली नाही. 

मग तो समुपदेशक बाईंकडे गेला. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला होता, हातात आलेली केस घालवता म्हणून. कारभारी म्हणाला, घालवायचीच हाय. बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"व्हय, म्याडम. तुम्ही इचारलं होतं."

तेच त्यानं न्यायाधीशांपुढं सांगितलं. त्यांनी त्याला चांगलंच झापलं, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. पुढं दोन्ही वकिलांनी बसून एक तोडगा काढला. द्वारका आता पाचोड सोडून शहरात मुकुंदवाडीला खोली घेऊन राहत होती, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जात होती. शाळेचे दिवस पोरगी तिच्याकडे राहील, शनिवार-रविवार आणि निम्म्या सुट्ट्या बापाकडे. शाळा, दवाखाना, जे काय असेल ते दोघांनी मिळून ठरवायचं. फारकतही झाली. ती झाल्यावर कारभारीच्या मनात आलं, ही बाई मागत होती ती खोली वाळूजला केली असती तर आज कुठं असतो? पण हा विचार त्यानं पुरा केला नाही. ज्याचा उपयोग नाही त्याच्यावर विचार करण्याची त्याची सवय सुटत चालली होती.

शेवटच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे होते. सारजाबाईनं सकाळी पोरीच्या केसांना तेल लावलं होतं, वेणी इतकी सैल घातली होती की ती दुपारपर्यंत सुटली. द्वारका पिशवी घेऊन जिन्याकडे निघाली, पोरगी आजीच्या पाया पडायला मागं राहिली होती. मग तिला शाळेत शिकलेलं आठवलं असावं. तिनं मोठ्यानं हाक मारली, "आई!"

सारजाबाईनं चटकन मान वर केली. द्वारका चालत राहिली. त्या नावानं तिला जन्मात कुणी हाक मारली नव्हती, ती कशाला वळेल? पोरगी गोंधळली. तिनं बापाकडे पाहिलं, मग पुन्हा हाक दिली, "वहिनी!" आणि द्वारका जागच्या जागी थांबली. कारभारी भिंतीला टेकला. हे नाव त्यानं पोरीच्या तोंडात घातलं नव्हतं, पण बदलूही दिलं नव्हतं, आणि द्वारका पोरीला "आ-ई" शिकवत होती तेव्हाच्या हसण्यातला आपला वाटा त्याला आठवला.

पहिल्या शनिवारी तो पोरीला न्यायला मुकुंदवाडीला गेला. आठवड्यानं नळ आला होता, गल्लीभर पाइपांचं जाळं, ड्रम आणि बादल्या, बायकांची पळापळ. द्वारकाच्या दाराला कडी होती. शेजारीण हंडे भरत होती. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोण पाहिजे?"

"शिवकन्या."

"आई-लेकी दुकानात गेल्यात, येतील आता. तुम्ही कोण? पोरगी सकाळपासून दादा येणार, दादा येणार करतीय. तिला मोठा भाऊ असेल असं वाटलं मला. तुम्ही मामा का?"

व्हय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाणी आलेल्या दिवशी कोण कुणाचा काय लागतो याच्याशी त्या बाईला काही घेणंदेणं नव्हतं. पण कारभारी दोन पाइप ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा नाय, बाई. म्या बाप हाय तिचा," तो म्हणाला. "दादा म्हनती मला, पर म्या बाप हाय. ती वहिनी म्हनती ती तिची माय हाय, द्वारका. जन्म देणारी. आन आई म्हनती ती मपली आई, म्हंजी तिची आजी. कुनी बी इचारलं तर आसंच सांगा, चुकू देऊ नका."

शेजारणीला त्यातलं निम्मंच कळलं. "बरं, बरं," ती म्हणाली. "तेवढा पाइप धरा, ड्रममधून निसटतोय."

कारभारीनं पाइप धरला. ड्रम भरेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, आणि तेच सगळं त्यानं मनातल्या मनात एकदा परत म्हणून पाहिलं, जणू तो अजून त्या मऊ आवाजाच्या बाईंच्या खोलीतच बसला होता आणि वहिनी कोण हे त्या पहिल्यांदाच विचारत होत्या.